विंडोजशेजारी लिनक्स टाकलं आणि लॅपटॉप उठेचना: फॉरमॅट मारण्याआधी हे वाचा

ऑक्टोबर छाटणी उरकून बागा फुटल्या होत्या. तासगावकडचे एक द्राक्ष बागायतदार आणि त्यांचा इंजिनिअरिंगला असलेला मुलगा संध्याकाळी सांगलीतल्या विश्रामबागेत आमच्या घरी आले. मुलाच्या हातात लॅपटॉप आणि चेहरा पार उतरलेला. आदल्या दिवशी दोघं एका दुकानात जाऊन आले होते. सिस्टिम उडालीय, फॉरमॅट मारावं लागेल, आतलं काही वाचणार नाही, असं तिथं सांगितलं होतं. वडील म्हणाले, "फवारणीचं सगळं टिपण ह्याच्यातच हाय ओ. कुठलं औषध, कवा मारलं, किती मारलं. युरोपला माल घालायचा म्हणजे ते लागतंय. बघा की जरा."

लॅपटॉप चालू केला. काळी स्क्रीन, वर इंग्रजीत दोन-तीन ओळी, खाली 'ग्रब' हा शब्द आणि त्यापुढं लुकलुकणारी रेघ. बंद केला, आणि पुन्हा चालू करताना एफ-१२ हे बटण दाबत राहिलो. एक छोटी यादी आली. तिच्यात 'विंडोज बूट मॅनेजर' अशी ओळ होती. तिच्यावर जाऊन एंटर मारला आणि मिनिटभरात विंडोज उघडलं. फवारणीची नोंद, कॉलेजच्या असाइनमेंट, ताईच्या लग्नाचे फोटो, सगळं जागच्या जागी होतं.

ते पोरगं रडायचंच बाकी होतं. मला मात्र दुकानातल्या सल्ल्याची धास्ती वाटली. त्या दिवशी फॉरमॅट मारलं असतं तर तीन हंगामांच्या नोंदी गेल्या असत्या, आणि मूळ बिघाडात त्यांना धक्काही लागलेला नव्हता.

हा प्रकार आता वारंवार दिसतो, त्याला कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. सात-आठ वर्षांपूर्वी घेतलेले, अजून धडधाकट असलेले कितीतरी लॅपटॉप तिथं बसत नाहीत. मग जुनं विंडोज ठेवून शेजारी लिनक्स ही दुसरी सिस्टिम, म्हणजे तिचे उबुंटू किंवा लिनक्स मिंट हे प्रकार टाकायचे, असं बरेचजण ठरवतात. दोन्ही फुकट मिळतात आणि जुन्या मशीनवरही चांगली पळतात. विचार योग्यच आहे. अडचण येते ती एका लॅपटॉपवर दोन सिस्टिम नांदवताना.

बटण दाबल्यावर नेमकं काय होतं

मिरज जंक्शन डोळ्यांसमोर आणा. इथून एक लाइन सांगली, कराड, सातारा करत पुण्याला जाते, एक कोल्हापूरला, एक बेळगावकडं, एक पंढरपूर-कुर्डुवाडीकडं. गाडीनं कुठं जायचं हे इंजिन ठरवत नाही. सांधा ज्या बाजूला वळवलेला असेल, त्या रुळावर गाडी जाते.

लॅपटॉपमध्ये स्टेशन मास्तर असतो तो फर्मवेअर, म्हणजे मदरबोर्डच्या चिपमध्ये कायम बसलेला छोटा प्रोग्रॅम. आपण सगळे त्याला सवयीनं बायोस म्हणतो. बटण दाबलं की तो आधी मेमरी, कीबोर्ड, डिस्क जागेवर आहेत का ते बघतो. विंडोज म्हणजे काय, लिनक्स म्हणजे काय, हे त्याला काही माहीत नसतं. त्याच्याकडं एक यादी असते: आधी याला हाक मार, त्यानं ओ दिली नाही तर पुढच्याला.

ज्याला तो हाक मारतो तो बूटलोडर. हा आपला सांधेवाला. विंडोजचा सांधेवाला वेगळा आणि लिनक्सचा वेगळा, त्याचं नाव ग्रब. विंडोजचा माणूस आपली एकच लाइन ओळखतो. ग्रबला दोन्ही लाइनी ठाऊक असतात, म्हणून दोन सिस्टिम असल्या की त्यालाच पुढं बसवतात. लॅपटॉप चालू होताना "उबुंटू की विंडोज" असं विचारणारा मेनू त्याचाच.

आता तुमच्या फाइली. त्या पार्टिशनमध्ये, म्हणजे डिस्कवर आखलेल्या वेगवेगळ्या खणांमध्ये असतात. सांधेवाल्याचा खण वेगळा, फाइलींचा वेगळा. सांधा बिघडून गाडी मिरजेत थांबली म्हणून कोल्हापूर काही जागचं हलत नाही. काळी स्क्रीन दिसली की आधी एवढं मनाशी म्हणा, आणि लॅपटॉप कुणाच्या हातात देण्याआधी थांबा.

एकाच खुर्चीचं जुनं भांडण

जुन्या पद्धतीच्या बायोसमध्ये सांधेवाल्याला डिस्कच्या अगदी सुरुवातीचे ५१२ बाइट एवढीच जागा होती. त्यातले ६४ बाइट पार्टिशनच्या नकाशाला आणि २ बाइट खुणेला जायचे, बूटलोडरच्या हाती उरायचे ४४६. एका पोस्टकार्डावर मावेल एवढा मजकूर. साहजिकच तिथं एकाच वेळी एकच सांधेवाला बसू शकायचा. म्हणून जुन्या मशीनवर लिनक्सनंतर विंडोज टाकलं की विंडोज ग्रबला उठवून स्वतः बसायचं आणि लिनक्स नाहीसं झाल्यासारखं वाटायचं. आधी विंडोज, मग लिनक्स, हा दंडक त्यातूनच आला.

साधारण २०१२ नंतर, विंडोज ८ च्या काळापासून, बाजारात आलेल्या लॅपटॉपमध्ये यूईएफआय ही नवी पद्धत असते. हिच्यात सांधेवाल्यांसाठी एक स्वतंत्र छोटं पार्टिशन राखलेलं असतं. विंडोज ते बहुतेक वेळा १०० एमबीचं करतं. त्यात विंडोजचा फोल्डर वेगळा, उबुंटूचा वेगळा. दोघं सुखानं राहतात आणि आधी कुणाला हाक मारायची ती यादी मदरबोर्डच्या स्मृतीत असते. त्या मुलाचा लॅपटॉप याच पद्धतीचा होता, म्हणून एफ-१२ नं काम झालं.

हे १०० एमबीचं पार्टिशन डिस्क मॅनेजमेंटमध्ये बिनकामाचं दिसतं. त्याला ड्राइव्हचं अक्षर नसतं, आत काय आहे तेही कळत नाही. जागा कमी पडते म्हणून ते उडवणारी माणसं मी पाहिली आहेत. कृपा करून त्याला हात लावू नका.

तीन गेज आणि दोन पद्धती

मिरजेत एकेकाळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही रूळ होते. स्टेशन एकच, पण नॅरोगेजची गाडी ब्रॉडगेजवर चढायची नाही. बायोसची जुनी पद्धत आणि यूईएफआय यांचंही तसंच आहे. विंडोज नव्या पद्धतीत बसलेलं असेल आणि लिनक्सचा पेन ड्राइव्ह तुम्ही जुन्या पद्धतीनं सुरू करून इन्स्टॉल केलंत, तर दोन सिस्टिम दोन गेजवर बसतात. ग्रबच्या मेनूतून विंडोजकडं जाताच येत नाही.

कित्येक लॅपटॉपवर बूट मेनूत तोच पेन ड्राइव्ह दोनदा दिसतो, एका ओळीच्या सुरुवातीला 'यूईएफआय' लिहिलेलं आणि दुसरी ओळ नुसती. विंडोज ज्या पद्धतीत आहे तीच ओळ निवडायची. ती पद्धत विंडोजमध्ये 'सिस्टिम इन्फर्मेशन' उघडून 'बायोस मोड'समोर वाचता येते. हे दोन मिनिटांचं काम न केल्यानं पुढं दोन-दोन दिवस गेलेले मला माहीत आहेत.

त्या मुलानं काय केलं होतं

त्यानं मिंट नीट टाकलं होतं, महिनाभर वापरलंही होतं. मग जागा कमी वाटायला लागली. विंडोजमधून मिंटचं पार्टिशन पुसायचं आणि मोठं करून पुन्हा टाकायचं, असा त्याचा बेत. पुसलं आणि लॅपटॉप रिस्टार्ट केला.

ग्रबचा पुढचा छोटा भाग त्या १०० एमबीच्या खणात शाबूत होता. मेनू, सेटिंग असा बाकीचा पसारा मात्र मिंटच्या पार्टिशनमध्ये, आणि तेच पुसलं गेलेलं. मास्तरानं हाक मारली, सांधेवाला कामावर हजर झाला, पण त्याच्या हातातलं रजिस्टर गायब. काय करू ते तुम्हीच सांगा, म्हणून तो लुकलुकणारी रेघ दाखवत उभा राहिला. जुन्या पद्धतीच्या मशीनवर याच जागी 'ग्रब रेस्क्यू' अशी पाटी दिसते.

यादीतून विंडोजला थेट हाक मारता येते, हे दुकानातल्या माणसाला सुचलं नाही. बटण कंपनीगणिक बदलतं: डेल, लेनोवो, एसरवर बहुधा एफ-१२, एचपीवर एस्केप दाबून मग एफ-९, असूसच्या लॅपटॉपवर एस्केप.

पण डिस्कच गेली नसेल कशावरून?

रास्त शंका. डिस्कही खरोखर मरतात, आणि तेव्हा वरचा एकही उपाय चालत नाही. ओळखायचं कसं? लिनक्सचा पेन ड्राइव्ह लावून 'ट्राय', म्हणजे इन्स्टॉल न करता चालवून बघण्याचा पर्याय घ्या. यात डिस्कवर काही लिहिलं जात नाही. फाइल मॅनेजरमध्ये विंडोजचं पार्टिशन दिसलं, उघडलं आणि फोटो दिसले, तर डिस्क जिवंत आहे. तिथूनच आधी महत्त्वाचं सगळं बाहेरच्या डिस्कवर काढून घ्या. दुरुस्तीला हात त्यानंतर.

बायोसमध्येच डिस्कचं नाव दिसत नसेल, किंवा जुन्या फिरत्या डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर थांबा. पुन्हापुन्हा चालू-बंद करू नका. डेटा परत काढणाऱ्या जाणकाराकडं जा.

यात एक चकवा आहे. इंटेलच्या काही नव्या लॅपटॉपवर डिस्क 'आरएसटी' किंवा 'व्हीएमडी' नावाच्या सेटिंगखाली असते आणि लिनक्सच्या इन्स्टॉलरला ती दिसतच नाही. कुणीतरी व्हिडिओत सांगतं, बायोसमध्ये जाऊन 'एएचसीआय' करा. केलं की लिनक्सला डिस्क दिसते, पण विंडोज निळ्या स्क्रीनवर 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' म्हणत बसतं. माणूस घाबरतो, डिस्क गेली समजतो. बहुतेक वेळा सेटिंग होतं तसं परत केलं की विंडोज पुन्हा उठतं. बदल करायचाच असेल तर विंडोजला आधी सेफ मोडमध्ये सुरू व्हायला सांगून मग सेटिंग फिरवायचं, म्हणजे ते नवा ड्रायव्हर उचलतं.

सांधा पुन्हा बसवायचा कसा

लिनक्सचा मेनूच येत नाही आणि लॅपटॉप सरळ विंडोजमध्ये जातो, ही सगळ्यात हलकी तक्रार. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर यादीतला क्रम बदलतो. बायोसमध्ये जाऊन बूट ऑर्डरमध्ये उबुंटू वर घ्या, संपलं. मिंट टाकलेलं असलं तरी यादीत बहुधा 'उबुंटू' असंच नाव असतं, त्यानं गोंधळू नका.

मेनू येतो पण त्यात विंडोज नाही, हीही नेहमीची तक्रार. २०२१ च्या २.०६ आवृत्तीपासून ग्रबनं दुसऱ्या सिस्टिम शोधणं मुळात बंद ठेवलंय. सेटिंगच्या फाइलमध्ये हा शोध घेणाऱ्या 'ओएस-प्रोबर'ची बंदी उठवायची आणि 'अपडेट-ग्रब' हा आदेश द्यायचा. विंडोज यादीत येतं.

ग्रबच मोडलं असेल तर मिंटच्या पेन ड्राइव्हवर 'बूट-रिपेअर' नावाचं साधन असतंच. पेन ड्राइव्ह योग्य पद्धतीत सुरू करा, ते साधन उघडा, 'रेकमेंडेड रिपेअर' दाबा. बहुतेकांचं काम इथं होतं. मी स्वतः हाताने ग्रब बसवणं पसंत करतो, कारण काय चाललंय ते दिसतं, पण पहिल्यांदाच करणाऱ्यानं तो आग्रह धरू नये.

विंडोजचा सांधेवाला मोडला असेल, उदाहरणार्थ तेच १०० एमबीचं पार्टिशन उडवलं असेल, तर विंडोजचा इन्स्टॉलेशन पेन ड्राइव्ह लागतो. त्यात 'इन्स्टॉल'कडं न जाता 'रिपेअर युवर कॉम्प्युटर' घ्यायचं. आधी 'स्टार्टअप रिपेअर' करून बघा. जमलं नाही तर कमांड प्रॉम्प्टमधून 'बीसीडीबूट' हा आदेश बूटलोडर नव्यानं मांडून देतो. त्यासाठी सांधेवाल्यांचा खण जागेवर हवा, उडवला असेल तर तेवढा पुन्हा आखावा लागतो. 'बूटरेक' चालवा असं सांगणारे व्हिडिओ खूप आहेत. त्यातले पुष्कळ जुन्या पद्धतीच्या मशीनचे असतात. यूईएफआयवर त्यातला 'फिक्सबूट' बऱ्याचदा 'ॲक्सेस इज डिनाइड' म्हणून परत पाठवतो.

त्या मुलाचं आम्ही काय केलं? आधी सगळा डेटा बाहेरच्या डिस्कवर घेतला. त्याला पाऊण तास गेला, तोवर चहा झाला. मग विंडोजमधलं 'फास्ट स्टार्टअप' बंद केलं आणि मोकळ्या जागेत मिंट पुन्हा टाकलं. नवं ग्रब त्याच खणात येऊन बसलं आणि मेनू परत आला.

फास्ट स्टार्टअप का बंद करायचं, ते सांगायला हवं. विंडोज ८ पासून 'शट डाउन' म्हटलं तरी विंडोज पुरतं बंद होत नाही, स्वतःचा गाभा डिस्कवर साठवून अर्धवट झोपतं. दुकानाचं शटर ओढलंय, पण गल्ल्याचा हिशेब अर्धा लिहून वही उघडीच ठेवलीय, असं समजा. अशा वेळी दुसरा कुणी मागच्या दारानं येऊन त्या वहीत लिहायला लागला तर हिशेबाचा विचका होणारच. म्हणून लिनक्स अशा पार्टिशनमध्ये लिहायला नकार देतं. जबरदस्ती करू नका, इथं मात्र फाइली खरोखर खराब होऊ शकतात.

४८ अंक कुठं आहेत?

आतापर्यंत मी धीर देत आलो. आता घाबरायचं एक खरं ठिकाण.

नव्या लॅपटॉपवर विंडोज डिस्कला कुलूप लावून ठेवतं, त्याचं नाव बिटलॉकर. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं नवीन मांडणी केली की बऱ्याच लॅपटॉपवर, अगदी होम आवृत्तीतही, हे कुलूप आपोआप लागतं. मालकाला पत्ताही नसतो. या कुलपाची किल्ली टीपीएम चिपमध्ये असते, आणि सुरू होण्याच्या साखळीत काही बदललं, बूटलोडर बदलला, किंवा सही-शिक्का बघूनच बूटलोडरला आत सोडणारी 'सिक्युअर बूट' ही व्यवस्था बंद केली, की चिप किल्ली देत नाही. निळी स्क्रीन ४८ अंकी रिकव्हरी की मागते.

ती असेल तर काही बिघडलेलं नाही. नसेल तर त्या डिस्कमधला डेटा तुम्हाला, मला, कुणालाच वाचता येणार नाही. ती बहुधा ज्या खात्यानं लॅपटॉप सुरू केला त्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. मोबाइलवरून लॉगिन करून आपल्या उपकरणांच्या यादीत ती बघता येते. लिनक्स टाकण्याच्या आधीच ती शोधा आणि कागदावर लिहून कपाटात ठेवा. त्याच लॅपटॉपमध्ये फाइल करून ठेवलीत तर वेळेला काय उपयोग?

मी काहीच केलं नाही, अपडेटनंतर बंद पडला. तरी माझीच चूक?

नाही. १३ ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटनंतर जगभरातल्या अनेक दोन-सिस्टिमच्या लॅपटॉपवर लिनक्स उठेना. स्क्रीनवर यायचं 'समथिंग हॅज गॉन सीरियसली राँग'. सिक्युअर बूटचा सही-शिक्का इथं आडवा आला. ग्रबच्या जुन्या आवृत्तींमधल्या एका सुरक्षा त्रुटीमुळं मायक्रोसॉफ्टनं त्या आवृत्तींना दार बंद केलं. दोन सिस्टिम असलेल्या मशीनवर हा बदल लागू होणार नाही, असं आधी सांगितलं होतं, पण तो अनेकांना लागू झाला. पूर्ण दुरुस्ती आली ती मे २०२५ च्या अपडेटमध्ये. तोवर लोकांनी सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करून लिनक्समध्ये शिरून तो नियम पुसला आणि सिक्युअर बूट परत चालू केलं.

वर्षानुवर्षं अपडेट न केलेलं लिनक्स अशा वेळी दारातच अडतं. म्हणून विंडोजइतकंच लिनक्सलाही वेळच्या वेळी अपडेट द्या.

एवढा खटाटोप करावाच का?

फक्त कॉलेजच्या प्रॅक्टिकलपुरतं लिनक्स हवं असेल, तर माझं स्पष्ट मत आहे की करू नये. विंडोजच्या आतच लिनक्स चालवणारं 'डब्ल्यूएसएल' किंवा 'व्हर्च्युअलबॉक्स' पुरेसं आहे, बूटलोडरला हातही लागत नाही. घरात एकच लॅपटॉप असेल आणि त्यावर वडिलांचा हिशेब असेल, तर हे आणखीच लागू. रोजच्या कामाला लिनक्स हवं असेल, किंवा मशीन जुनं असून विंडोज ११ घेत नसेल, तर जरूर करा, बॅकअप घेऊन करा.

दोन दिवसांनी त्या मुलाचा फोन आला. "काका, सगळं मस्त चालतंय, पण मिंटमधून विंडोजमध्ये गेलं की घड्याळ साडेपाच तास मागं दाखवतंय." हे ठरलेलं आहे. मदरबोर्डवर एकच घड्याळ असतं. लिनक्स त्यात ग्रीनिचची जागतिक वेळ ठेवतं आणि साडेपाच तास स्वतः मिळवून दाखवतं. विंडोज मात्र घड्याळातली वेळ आपली स्थानिकच समजून जशीच्या तशी दाखवतं. घड्याळात स्थानिक वेळ ठेव, असं लिनक्सला सांगणारा एका ओळीचा आदेश आहे. फोनवरच अक्षरं एकेक करून सांगितली, त्यानं टाइप केली, रिस्टार्ट केलं. मागून वडिलांचा आवाज आला, "मग उद्या सकाळच्या फवारणीला बरोबर टाइम पडंल न्हवं?"

पडेल म्हणालो.